ठकूला मारलेली हाक

बरका
गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४
पहाटे पावणेपाच

तीर्थस्वरूप तानाजीकाका यांना अम्मारचा सप्रेम सलाम.

आत्ता ठकूला काट्यावरून उतरवून बैठकीवर ठेवलं, हात साबणाने धुतले आणि लिहायला बसलो. वजन एक हजार एकशे दहा ग्रॅम. उन्हाळाभर एसीच्या खोलीत बसून, लावे खाऊन ससाणीबाई चांगल्याच सुटल्या आहेत. उडवायचं वजन नऊशे ऐंशी, असं तुम्ही भिंतीवर खडूने लिहून गेलात. तो आकडा मी पुसू दिलेला नाही. खोलीला रंग देणारा आला होता, त्याला तेवढा चौकोन सोडायला लावला.

जुनी पिसं सगळी झडली, नवी सगळी आली. शेपटीतलं मधलं एक अजून जरा आखूड आहे. झडलेली मोठी पिसं तुम्ही सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहेत, पुढे एखादं मोडलं तर जोडायला.

तुम्ही एप्रिलमध्ये घशाच्या ऑपरेशनसाठी गेलात, तेव्हापासून ससाण्यांचं सगळं काम माझ्याकडे आहे. व्हिसावर मात्र मी अजून बागेतला मजूरच. परवा अर्बाब आला होता. कॉफी पिता पिता मालकाच्या आवाजात म्हणाला, "अम्मार, तू खाना देता है, तानाजी बुलाता था. खाना तो कोई भी देगा." डिसेंबरात सगळे दोस्त नखलच्या माळावर जमतील, तेव्हा ठकूला सर्वांसमोर सोडायचं. आली, तर मला तुमच्या जागी ससाण्यांचा सक्कार करणार, व्हिसाही बदलणार. नाही आली, तर सरहद्दीपलीकडचं एक गिऱ्हाईक तिच्यावर डोळा ठेवून आहे. कागदावर तिचं नाव अनूद, त्या अनूदला तो विकेल. आपली ठकू जाईल.

काका, माझी अडचण तुम्हांला माहीत आहे. मला हाक मारता येत नाही. घसा ठीक आहे, पण माळावर चार माणसं बघत असली की आवाज ओठाशी येऊन थांबतो. तिने सहा हिवाळे तुमचाच आवाज ऐकला आहे. तिला माझा आवाज कसा शिकवू?

फोन करू नकोस म्हणालात, म्हणून पत्र. हुसैनमियाँच्या किराणा दुकानातून पंधरवड्याला कोणी ना कोणी खेड-रत्नागिरीकडे निघतोच. ते म्हणाले, लिफाफा चिकटवू नकोस, विमानतळावर उघडायला लावतात. मी चिकटवलेला नाही.

अर्बाबने पुन्हा विचारलं, ठकू म्हणजे काय. मी सांगितलं, मुलींची लाकडी बाहुली. बरोबर ना?

आपला,
अम्मार

*

कोंडवाडी, ता. खेड
१७ ऑक्टोबर २०२४

चि. अम्मार यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बघून सई म्हणाली, बाबा, हे छापलंय की लिहिलंय?

माझं ठीक आहे. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. शिंक आली की आमच्या घरी कुकरची शिट्टी होते. आवाज पेटीसकट गेला. गळ्यात पाटी अडकवलेली असते, तिच्यावर दिवसभर लिहितो. फोन सईला देऊन टाकला. लोक फोन करायचे, "हॅलो, हॅलो, तानाजी, बोल की रे" म्हणायचे, आणि मी इकडे रिसीव्हरला फुंकर घालत बसायचो.

कलावती म्हणते, "एकोणीस वर्षं आखातातून फोनवर बोललात आणि घरी आलात ते मुके होऊन." खोटं काय आहे त्यात?

आता काम. ऐक. हाक आधी, मांस नंतर. हातमोज्यावर तुकडा दाखवून मग हाक मारलीस, तर ती तुकड्याला येईल, तुला नाही. डोळ्यांवरची टोपी काढायच्या आधी हाक मार. अंधारात तुझा आवाज, मग उजेड, मग घास. पहिले आठ दिवस खोलीत, मग दोरी बांधून अंगणात, मग माळावर. दोरी सोडायची घाई करू नकोस.

आणि लाजू नकोस. मीसुद्धा पहिल्या वर्षी लाजायचो. अर्बाबचा बाप, तो म्हातारा शैबा, मला समुद्रावर घेऊन गेला आणि म्हणाला, लाटेला हाक मार. मी हाक मारली. लाट आलीच. म्हातारा म्हणाला, बघ, येते की नाही! तू पण बरक्याच्या किनाऱ्यावर जा. मासळीबाजार उठल्यावर जा, म्हणजे ऐकायला फक्त कावळे असतील.

माझा आवाज तिने विसरायला पाहिजे. ती तुझ्या हाकेला आली की मला कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

ठकूचा अर्थ बाहुलीच सांगत जा.

तुझा,
तानाजी

*

बरका
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४
रात्री आठ

तीर्थस्वरूप काकांना सलाम.

वजन नऊशे पंच्याऐंशी. दुपारी माळावर गेलो होतो. अर्बाबच्या गाडीत मी, ठकू आणि चहाचा थर्मास. बौशरचे जमालभाई त्यांचा एकुलता एक पक्षी घेऊन आले होते. तुम्ही होता तेव्हा ते फक्त बघायला यायचे, आता त्यांनीही पाळला आहे. आठवडाभर ऑफिसात बसतात आणि शुक्रवारी माळावर आले की बूट काढून अनवाणी फिरतात. म्हणाले, "तानाजी कैसा है? उसको बोलो, मेरा बर्ड भी उसके जैसा मोटा हो गया."

ठकूला अर्बाबने हातावरून सोडलं. मी दूर उभा होतो, तिला उतरवायचा तिलवा, दोरीला बांधलेला पिसांचा झुबका, हातात होता. वारा समोरून. ती वर गेली, एक मोठी चक्कर मारली आणि हाकेसरशी खाली आली. तिलव्यावर अशी आदळली की माझ्या हाताला हिसका बसला. जमालभाईंनी व्हिडिओ काढला. अर्बाब म्हणाला, "माशाल्ला."

ती माझ्या हाकेला आली, काका. तुम्ही कळव म्हणाला होता, म्हणून लगेच लिहिलं.

शमीची दोन पानं सोबत ठेवतो. गाफ म्हणजे आपली शमी, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. दसऱ्याला द्यायची राहिली.

काकींना सलाम.

आपला,
अम्मार

*

कोंडवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

अम्मार,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी दोनदा वाचलं आणि कलावतीला म्हणालो, म्हणजे पाटीवर लिहिलं, पोरगं तयार झालं. त्या आनंदात तिने नारळाच्या वड्या केल्या.

चार दिवसांनी जमालचा व्हिडिओ आला. त्याने हुसैनमियाँना पाठवला, हुसैनमियाँनी सईला. दुपारची वेळ. मी पडवीत बसलो होतो, कलावती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. सईने फोन माझ्यासमोर धरला. माळ दिसला, गाड्या दिसल्या, तू दिसलास. बारीक झालास. मी कान देऊन बसलो, तुझा आवाज ऐकायला.

आणि माझा आवाज आला.

"ठकू, ये! ये गं, ठकू!"

कलावती ओला टॉवेल हातात घेऊन धावत आत आली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गळ्याकडे. तिला वाटलं, देवाने काही केलं. मग तिने सईच्या हातातला फोन बघितला. टॉवेलचं पाणी जमिनीवर गळत होतं. तिने विचारलं, "कोणाला हाक मारत होतात?" मी पाटीवर लिहिलं, पाखराला. ती टॉवेल तसाच घेऊन वळली. परत मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

तू मागच्या हिवाळ्यात शिकायला म्हणून फोनमध्ये माझी हाक भरून घेतली होतीस, ती मला आठवते. ती वाजवून तू माझ्या पाखराला फसवतोस आणि मला लिहितोस, माझ्या हाकेला आली!

तो आवाज पुसून टाक. पत्र वाचून झालं की लगेच. सईच्या फोनमधूनही मी पुसायला लावला. ज्या माणसाचा तो आवाज होता तो आता नाही. त्याला माळावर फिरवू नकोस.

आणि नीट ऐक. यंत्राच्या आवाजाला येणारं पाखरू, यंत्र बंद पडलं त्या दिवशी जातं. दोरी बांध. पहिल्यापासून सुरू कर. अर्बाबला सांग, डिसेंबर जमणार नाही, जानेवारी म्हण. विकतो म्हणाला तर माझं हे पत्र त्याला दाखव, हुसैनमियाँ वाचून सांगतील.

तुझ्यावर रागावलो आहे. पण तू जेवतोस ना वेळेवर?

तानाजी

*

बरका
रविवार, ८ डिसेंबर २०२४
दुपारी दीड

तीर्थस्वरूप काकांना सलाम.

बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही. हुसैनमियाँ म्हणाले, खेडचा माणूस बारा तारखेला निघणार आहे, तो घेऊन येईल. तुमची तब्येत चांगली असेल अशी आशा करतो.

इकडे थंडी पडली आहे. सकाळी जॅकेट लागतं. खजुराच्या झाडांची छाटणी चालू आहे. पंपाची मोटर जळाली होती, ती बदलून आणली. शुक्रवारी माळावर गेलो होतो. जमालभाईंचा पक्षी छान उडाला. अर्बाबची तब्येत ठीक.

बाकी सर्व ठीक आहे. ठकूची काळजी करू नये.

आपला,
अम्मार

*

कोंडवाडी
२४ डिसेंबर २०२४

चि. अम्मार,

या पत्रात वजन नाही.

पहिल्या पत्रात होतं, दुसऱ्यात होतं. भाकरीला मीठ नसेल तर कळतं, तसं मला पहिल्याच ओळीला कळलं. गेली ना ती?

माझं आधीचं रागाचं पत्र आता तुला मिळालं असेल. जखमेवर मिरची पडली. ते पत्र उशिरा पोचलं यात तुझा दोष नाही. माझा निरोप वेळेत पोचला असता तर, असं मी रात्रभर म्हणत बसलो. कलावतीने दिवा लावून विचारलं, "काय झालं?" मी लिहिलं, कूस बदलतोय.

आता काय करायचं ते सांगतो. ससाणा हरवला की पहिले काही दिवस जवळच असतो. जिथून गेली तिथे उजाडायच्या आधी जा. उंच झाडं बघ, विजेचे खांब बघ. कावळे कुठे ओरडतात ते बघ, कावळ्यांसारखा चहाडखोर नाही. कोंबड्यांच्या फार्मवाल्यांना सांगून ठेव. आणि हाक मार. तुझी स्वतःची. रोज.

मला सगळं लिही. जसं झालं तसं. इथे मला कोणी काही खरं सांगत नाही. परवा मुंबईला जाऊन आलो. डॉक्टरने नवीन फोटो काढले आणि कागद माझ्या हातात न देता कलावतीच्या हातात दिला. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी पाटीवर लिहिलं, काय म्हणाला? ती म्हणाली, "गोळ्या बदलल्यात." तूही मोटर जळाल्याचं लिहितोस. सगळे मला मोटरीच्या गोष्टी सांगतायत.

तुझा,
तानाजीकाका

*

बरका
शुक्रवार, १० जानेवारी २०२५
सकाळी सात, माळावरून परत आल्यावर

तीर्थस्वरूप काका,

जसं झालं तसं लिहितो. आधी कच्चं लिहिलं होतं, ते फाडून आता पक्कं लिहीत आहे.

सहा डिसेंबर, शुक्रवार. वजन नऊशे ऐंशी, भिंतीवरचा आकडा बरोब्बर. आठ-नऊ गाड्या आल्या होत्या. गालिचे टाकले होते, कॉफी चालू होती. अर्बाबचे दोस्त कतारपर्यंतच्या गोष्टी करत होते, कोणाचा पक्षी किती सेकंदांत आला, कोणाच्या पक्ष्याला कुठला डॉक्टर. आधी जमालभाईंनी सोडला, छान आला. मग अर्बाबने ठकूला हातावर घेतलं.

माझ्या जॅकेटच्या खिशात छोटा स्पीकर होता. सगळ्यांना ठाऊक होतं. जमालभाई मला "तानाजी इन पॉकेट" म्हणून चिडवायचे. अर्बाब म्हणाला होता, "मशीन चलेगा, बर्ड आना मंगता." एक तुम्हांलाच ठाऊक नव्हतं.

किनाऱ्यावर मी गेलो होतो, काका. तीन सकाळी गेलो. कावळे होते. तरी आवाज निघाला नाही. मग एकदा खोलीत तुमची हाक लावली, तर ठकूने टोपीसकट मान आवाजाकडे वळवली. तिला वाटलं तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावली. मग रोजच.

अर्बाबने टोपी काढली. ती वर गेली. एक चक्कर. मी बटण दाबलं. "ठकू, ये!" ती वळली, पंख मिटले, सरळ माझ्याकडे यायला लागली. तिची पिवळी पावलं मला दिसत होती. आणि स्पीकरमधून फोनची घंटी वाजायला लागली. माझ्या आईचा फोन. शुक्रवारी नमाजानंतर ती करतेच. फोन बंद करून ठेवायला मी विसरलो. मी, जो खोलीतून निघताना तीनदा गॅस बघतो!

ठकू माझ्या डोक्यावरून तशीच वर गेली. मी फोन कापला. घाईत भलतंच काहीतरी दाबलं गेलं, स्पीकर बंद झाला. अर्बाब ओरडला, "बुलाओ! यल्ला, बुलाओ!" सगळे उभे राहिले. मी तोंड उघडलं. ते सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी तिच्याकडे. आवाज फुटला तेव्हा ती शमीच्या झाडांवरून पलीकडे गेली होती. फुटला तोही असा, की मलाच तो कोणाचा आहे कळेना. तिला कुठून कळावं!

शेपटीला लावलेल्या यंत्राचा माग काढत आम्ही गेलो. तिसऱ्या दिवशी यंत्र सापडलं. एका शमीखाली, काट्यांत, शेपटीच्या मधल्या पिसासकट. तेच आखूड पीस. तिथून पुढे काही नाही.

अर्बाब मारहाण करणारा माणूस नाही. तो गाडीत बसून राहिला. मग म्हणाला, "खलास." एवढंच. तिची निम्मी किंमत माझ्या पगारातून दर महिन्याला कापायची असं ठरलं आहे. व्हिसा आहे तोच. विकली असती तरी कोणाच्या तरी हातावर ती बसली असती, हे मला आता कळतं.

तुमचं रागाचं पत्र चौदा डिसेंबरला मिळालं. वाचून होताच तुमचा आवाज पुसला. पुसला गेला की नाही हे दोनदा तपासलं. तुम्ही सांगितलं ते एवढं एकच मी वेळेत केलं.

त्यानंतरचं पत्र मिळाल्यापासून रोज उजाडायच्या आधी सायकलने माळावर जातो. हाक मारतो. एका कोंबडीफार्मवाल्याने दोनदा मोठं पाखरू बघितलं म्हणाला. मी तिथेही गेलो. विजेच्या खांबावर कोणीतरी बसलं होतं, लांबून ठकूच वाटली. मी हाक मारली. तिने मान वळवून बघितलं. मी तिलवा फिरवला. ती पुढच्या खांबावर गेली, मग त्याच्या पुढच्या. मग मला दिसली नाही.

काका, आता माझा आवाज मोठा झाला आहे. आज बकऱ्या चारणारा एक म्हातारा कुठून तरी आला आणि विचारू लागला, कोण हरवलंय? मला अरबीत नीट सांगता आलं नाही.

मी तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा असं लिहायचं धाडस होत नाही. तुमच्या तब्येतीचं खरं कळवा.

आपला,
अम्मार

*

कोंडवाडी
३ मार्च २०२५

चि. अम्मारबाळास कलावतीकाकीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली आहे. पत्र लिहायची सवय नाही. चुका झाल्या तर सांभाळून घे.

सोळा फेब्रुवारीला हे गेले. सकाळी पेज घेतली आणि पडवीत झोपले ते उठले नाहीत. तेरावं झालं. हुसैनमियाँना सईने कळवलं होतं, पण मी म्हटलं, अम्मारला मी लिहीन, कोणी फोन करू नका.

तुझं शेवटचं पत्र त्यांना मिळालं होतं. त्यांनी ते उशीखाली ठेवलं होतं. वाचून झाल्यावर पाटीवर लिहिलं, "आता लाजत नाही ना, मग झालं." हे तुला कळवायचं होतं, पण पुढे हात चालेना. म्हणून मी कळवते.

आता माझं एक काम आहे. ते सांगायला मला लाज वाटते, पण तू मुलासारखा.

माझं माहेरचं नाव ठकू. आई, भाऊ, शेजारपाजार सगळे ठकूच म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने कलावती लिहिलं आणि त्या दिवसापासून ठकू कोणी म्हटलं नाही. आई गेल्यावर तर ते नाव माहीत असलेलं माणूसच उरलं नाही. ह्यांनी मला कधी कलावती अशीही हाक मारली नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. "अगं" म्हणायचे, नाहीतर "सईची आई". तिकडून फोन आला तर "ऐकतेस ना" म्हणायचे. तेही हळू. खोलीत दुसरे सहाजण झोपलेले असायचे.

त्या दिवशी मी टॉवेल पिळत होते आणि आतून हाक आली. ठकू, ये. ये गं, ठकू. एवढ्या मोठ्याने. मला वाटलं मलाच बोलवतात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी धावत गेले. तर ते पाखराला होतं.

मी मागच्या दारी बसून रडले. ह्यांना वाटलं मी घाबरले. मला राग आला होता. नाव माझं आणि हाक पाखराला. मग त्यांनी सईकडून ते पुसून घेतलं. मीही पुसू दिलं. नंतर ते आजारी पडले, मग विचारायचं कसं? एकदा रात्री पाय चेपताना विचारलं, "पाखराचं नाव ठकू का ठेवलं?" त्यांनी पाटी घेतली. बराच वेळ खडू धरून बसले. पाटी कोरीच माझ्या हातात दिली.

तो आवाज तुझ्याकडे आहे का? त्यांनी तुलाही पुसायला सांगितलं होतं हे मला माहीत आहे. तू त्यांचं ऐकलं असशील. पण कुठे राहिला असेल तर बघ. सई म्हणते, अशा गोष्टी कोणाच्या तरी फोनमध्ये राहतात.

जे काही पैसे लागतील ते हिशेब करून कळव. मी तुझे राहू देणार नाही. आमसुलं पाठवते आहे, डब्यात घालून ठेव, दमट हवेत बुरशी धरते.

तुझी,
काकी

*

बरका
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५
दुपारी तीन

तीर्थस्वरूप काकींना अम्मारचा सलाम.

तुमचं पत्र रमजानात मिळालं. ते वाचून मी दुकानाच्या मागे जाऊन बसलो. हुसैनमियाँनी रोजा सोडायला बोलावलं, तेव्हाच उठलो. त्यांनी काकांसाठी दुवा केली. दुकानातल्या सगळ्यांनी केली.

मला काही माहीत नव्हतं, काकी. मी अर्बाबला ठकू म्हणजे बाहुली सांगत राहिलो. काकांनीच तसं सांग म्हणून लिहिलं होतं.

माझ्या फोनमधला आवाज मी पुसला होता. नीट पुसला होता. तुमचं पत्र वाचून मी तो फोन तीन दुकानांत दाखवला. नाही म्हणाले. मग जमालभाईंची आठवण झाली. ते काहीच पुसत नाहीत. त्यांना फोन केला, तर म्हणाले, ईद होऊ दे, मग घरी ये.

काल गेलो होतो, बौशरला. नोव्हेंबरचा तो व्हिडिओ त्यांच्याकडे होताच, पण त्यातली हाक स्पीकरमधली, म्हणून मी काकांच्या वेळचा मागितला. त्यांनी जुना फोन शोधून काढला, चार्जिंगला लावला. दिवाणखान्यात खाली बसून आम्ही व्हिडिओ बघत गेलो. नुसते पक्षी. पक्षी, गाड्या, चहा, पुन्हा पक्षी. त्यांची बायको दोनदा कहवा ठेवून गेली. शेवटी एक सापडला, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला. काका दिसत नाहीत. जमालभाईंनी फोन आकाशाकडे धरला आहे. ठकू ठिपक्याएवढी आहे. वाऱ्याचा आवाज आहे, कोणीतरी अरबीत हसतं. आणि मग काकांची हाक येते. दोनदा. तुम्ही ऐकली तीच, पण ही स्पीकरमधली नाही, त्यांच्या घशातली आहे.

हाक संपल्यावर व्हिडिओ लगेच संपत नाही. जमालभाई धावत जवळ जातात, चित्र हलतं. ठकू तिलव्यावर उतरली आहे. काका फक्त गुडघ्यापर्यंत दिसतात. ते खाली बसतात आणि हळू म्हणतात, "आलीस? एवढं लांब कशाला गं जायचं?"

जमालभाईंनी मला विचारलं, काय म्हणतो तो? मी त्यांना हिंदीत सांगायला गेलो, पण पूर्ण सांगता आलं नाही. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ये मेरे पास नहीं रहना चाहिए था. उसके घर में रहना चाहिए था."

ते वाक्य पाखराला होतं की कोणाला, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही ऐका.

व्हिडिओ कार्डात भरून सोबत पाठवत आहे. कार्ड सईच्या फोनमध्ये बसेल. एक प्रत हुसैनमियाँच्या कपाटात ठेवली आहे, हे हरवलं तर दुसरं निघेल. या वेळी लिफाफा चिकटवला आहे. विमानतळावर उघडायला लावला तर माणूस दाखवेल.

मी अजून शुक्रवारी पहाटे माळावर जातो. आता ऊन वाढलं, ती उत्तरेला निघून गेली असेल. थंडीत परततात म्हणे. आली तर मी हाक मारीनच. पण काकी, आता तिथे ते नाव घेताना जीभ अडते. तुमची परवानगी असेल तरच घेईन.

तुम्ही हिशेब मागितलात, तो असा.

टॅक्सी, बरका ते बौशर, जाऊन-येऊन: चार रियाल.
फोनच्या दुकानांत दाखवणावळ: तीन रियाल.
कार्डं दोन: पाच रियाल.
जमालभाईंच्या घरी नेलेला हलवा: दोन रियाल. त्यांनी अर्धा परत बांधून दिला.
एकूण चौदा रियाल. तुमच्याकडून येणे: काही नाही. आमसुलं मिळाली.
अर्बाबला देणे: ठकूच्या किमतीपैकी अजून तीनशे साठ रियाल.
तानाजीकाकांना देणे: एक हाक. ती तुमच्या नावाने सोबत पाठवली आहे.

आपला,
अम्मार